माग आपला, डिझाइन व्हायरसचं : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरता सरता या सदराकडं डेंग्यूचे प्रश्न यायला लागतात, ते नेहमीचंच. यंदा मात्र त्यात एक नवीनच टुमणं आहे, "मॅडम, सगळ्या व्हायरसवर एकच गोळी येणाराय म्हणे, खरं का?" कुठलातरी मेसेज फिरलेला दिसतोय. सहा-सात जणांनी तेच विचारलंय, म्हणून केस गळणं आणि गुडघेदुखीवाल्यांना पुढच्या महिन्यावर ढकललंय, राग मानू नका.

प्रश्न : अक्कलकोट रोडला माझे चार यंत्रमाग आहेत. सप्टेंबरात पोराला डेंग्यू झाला, डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, ओआरएस एवढंच सांगितलं. अँटिबायोटिक द्या म्हटलं तर म्हणाले उपयोग नाही. टायफॉइडला गोळी आहे, टीबीला गोळी आहे, मग डेंग्यूला का नाही? आणि शास्त्रज्ञ व्हायरसला सोडून माणसाच्याच प्रोटीनवर औषध बनवायलेत असं वाचलं, हे काय प्रकरण आहे?

तुमच्या डॉक्टरांनी बरोबरच केलं, आधी ते सांगते. आणि तुम्ही मागवाले निघालात हे माझ्या पथ्यावरच पडलं बघा, कारण हा विषय सोलापुरात समजावायचा तर मागासारखं दुसरं उदाहरण नाही.

टीबीचा जंतू किंवा टायफॉइडचा जंतू म्हणजे स्वतःचा कारखाना असलेला माणूस. भिंत त्याची, मशिनरी त्याची, आणि ती मशिनरी आपल्या पेशीतल्या मशिनरीपेक्षा वेगळ्या मेकची. अँटिबायोटिक त्या वेगळेपणावरच नेम धरतं, त्याची भिंत पडते, आपली शाबूत राहते. व्हायरसचं तसं नाही, त्याच्याकडं कारखानाच नाही. त्याच्याकडं आहेत फक्त जॅकार्डची कार्डं, म्हणजे कुठली नक्षी विणायची ते मागाला सांगणारे भोकांचे पुठ्ठे. समजा रात्री कुणी तुमच्या शेडमध्ये घुसला आणि चालू मागावर त्यानं आपली कार्डं चढवली, सूत तुमचं, लाइट तुमची, आडवं सूत नेणारा धोटा तुमचा, मोटर तुमची, आणि सकाळी बघता तर चादरीवर मोर नाहीच, त्याचीच डिझाइन, हजारो नग, आणि वर जाताना शेड पाडून गेला. डेंग्यूची ही कार्डं किती, तर साधारण ११,००० अक्षरांच्या जनुकीय मजकुराचा एक धागा, त्यातून प्रोटीनं बनतात फक्त १०. आपल्या पेशीकडं प्रोटीन बनवायचे जीन्स आहेत सुमारे २०,०००. म्हणजे बाकीचं सगळं काम तो उसनवारीवर, खरं तर चोरीवर भागवतोय.

आता औषध बनवणाऱ्यानं हात घालायचा कुठं? एक म्हणजे त्याच्या कार्डांत, किंवा त्याच्या त्या मोजक्या प्रोटीनांत. आजवरची बहुतेक व्हायरसविरोधी औषधं अशीच आहेत. नागिणीला ॲसायक्लोव्हिर देतात ते, स्वाइन फ्लूला ओसेल्टामिव्हिर, एचआयव्हीच्या बऱ्याचशा गोळ्या, हिपॅटायटिस सीचं सोफोसबुव्हिर. नेमकी असतात, आणि आपल्याला त्रासही त्या मानानं कमी. पण एकाच्या कार्डाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला बहुधा चालत नाही, डेंग्यूचेच चार प्रकार आहेत. आणि दुसरी कटकट म्हणजे तो कार्ड बदलतो. फ्लूवर अमँटाडीन नावाची जुनी गोळी होती, व्हायरसच्या एका प्रोटीनमध्ये एक अक्षर बदललं, एकच, आणि २००५-०६ च्या आसपास हंगामी फ्लूच्या एच३एन२ प्रकारावर ती गोळी जवळपास फुकट गेली.

दुसरा रस्ता तुम्ही वाचलात तो. चोर दहा असू देत, कार्डं दहा तऱ्हेची असू देत, धोटा सगळे तुमचाच वापरतात ना, मग धोट्यालाच काहीतरी करायचं. डेंग्यू, झिका, वेस्ट नाइल हे सगळे आपल्या पेशीतली तीच तीच प्रोटीनं वापरत असतील तर ते एक प्रोटीन थोडे दिवस अडवलं की तिघंही अडले पाहिजेत. शिवाय ते प्रोटीन आपल्या जीन्समधून बनतंय, व्हायरसला ते परस्पर बदलता येत नाही. कागदावर इतकं देखणं दिसतं की मी स्वतः वर्गात शिकवताना पोरांना सांगायचे, पुढचा जमाना याचाच. तेव्हा मी जरा जास्तच खुशीत होते, आता सांगायचं तर थोडं सावरून सांगीन, कारण गोम अशी की माग तुमचा आहे, आणि तो दिवसा तुमच्यासाठी पण चादर विणतोय.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, विजापूर रोडला राहते. आपलं प्रोटीन बंद केलं तर आपणच आजारी पडणार नाही का? आणि २०,००० मधलं कुठलं बंद करायचं हे कळतं कसं?

अगं, अख्ख्या विषयाच्या नाडीवरच बोट ठेवलंस की. दुसरा प्रश्न सोपा, तो आधी घेऊ.

कळतं असं की एकेक पार्ट काढून बघायचा. क्रिस्पर हे जीन नेमका कापून बंद करायचं तंत्र तुला पुस्तकात भेटलं असेल. लाखो पेशी घ्यायच्या, प्रत्येकीत एक वेगळा जीन बंद करायचा, आणि वरून डेंग्यूचा व्हायरस सोडायचा. ज्या पेशी मेल्या त्या मेल्या, ज्या वाचल्या त्यांच्यात कुठला जीन बंद होता ते बघायचं. २०१६ मध्ये असे प्रयोग झाले आणि त्यात ठळकपणे वर आली ती आपल्या पेशीतल्या प्रोटीनांना साखरेची साखळी चिकटवणारी यंत्रणा, ती नसेल तर डेंग्यूचं काम अडतंय. दुसरी पद्धत म्हणजे व्हायरसचं प्रोटीन गळ म्हणून टाकायचं आणि त्याला आपलं काय काय चिकटून येतं ते मोजायचं. कोरोनाच्या वेळी, एप्रिल २०२० मध्येच, व्हायरसच्या २९ पैकी २६ प्रोटीनांचा असा नकाशा छापून आला, आपली ३३२ प्रोटीनं गळाला लागली होती. लॉकडाऊनचा पहिला महिना होता तो, आपण तेव्हा थाळ्या वाजवून दमलो होतो.

आता तुझा खरा प्रश्न. काही पार्ट असे असतात की ते नसले तरी माणसाचं फारसं अडत नाही. हे कुणी ठरवलं नाही, निसर्गानंच करून ठेवलंय. एचआयव्ही पेशीत शिरताना सीसीआर५ नावाचं एक प्रोटीन कडीसारखं वापरतो. युरोपातल्या काही लोकांत जन्मतःच या जीनचा तुकडा गायब असतो, आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून तसाच आला तर कडीच नाही, आणि असे लोक चांगले धडधाकट जगतात, एचआयव्हीचे बहुतेक प्रकार त्यांच्यात शिरतच नाहीत. टिमोथी रे ब्राउन या माणसाला ल्युकेमिया होता आणि एचआयव्ही पण, २००७ मध्ये बर्लिनला त्याला अशाच कडी नसलेल्या दात्याच्या मूळपेशी दिल्या आणि त्याचा एचआयव्ही गेला, पुन्हा आलाच नाही. २०२० मध्ये तो वारला ते ल्युकेमिया उलटल्यामुळं. त्याच २००७ साली मॅराव्हिरॉक नावाची गोळी मंजूर झाली, ती हीच कडी झाकते. माणसाच्या प्रोटीनवर नेम धरणारं औषध म्हणजे काय याचं हे चोख उदाहरण आहे.

पण लगेच टाळ्या नकोत. त्याच कडीवर दुसरं एक औषध येत होतं, अप्लाव्हिरॉक, त्याच्या चाचण्या २००५ मध्ये थांबवाव्या लागल्या, लोकांच्या यकृताला मार बसत होता. आणि कडी नसलेले लोक अगदीच निवांत आहेत असंही नाही, वेस्ट नाइल व्हायरस त्यांना झाला तर आजार जोर करायची शक्यता जास्त असते. म्हणजे तो पार्ट बिनकामाचा नव्हता, त्याचं काम आपल्याला उशिरा कळलं.

त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट ऐक. २०१४ मध्ये दोन भावंडांबद्दल छापून आलं होतं. प्रोटीनावरची साखर छाटणारं एक एन्झाइम त्यांच्यात जन्मतः नीट चालत नव्हतं. त्यांच्या रक्तात अँटिबॉडी फार कमी, म्हणजे सारखी आजारी पडायला हवीत, तर व्हायरसचे आजार त्यांना होतच नव्हते म्हटलं तरी चालेल, लॅबमध्ये त्यांच्या पेशींत एचआयव्ही आणि फ्लू वाढायलाही कुरकुरत होते. मग छानच की, असं वाटेल. पण ती पोरं जन्मापासून फार अपंग होती, वाढ खुंटलेली, झटके येणारी. माग कायमचा बंद ठेवला की असं होतं. डेंग्यूसारख्या आजारावरचं औषध मात्र कायमचं नसतं, पाच-सात दिवसांचं असतं, आणि सगळा डाव त्या पाच-सात दिवसांवर आहे. तेवढ्यात व्हायरसची अडचण व्हायला हवी आणि आपली नको. काही प्रोटीनांच्या बाबतीत ही फट मिळते, काहींच्या बाबतीत अजिबात नाही. पीआय४केबी नावाच्या एका एन्झाइमवर केवढ्या आशा होत्या, पोलिओ ज्यात येतो ते एन्टेरोव्हायरसचं अख्खं घराणं त्यावर जगतं, पण त्याला अडवणारी काही रसायनं उंदरांना दिली तर उंदीरच मेले.

यकृताच्या एका व्हायरसवर मात्र गणित जमलंय. हिपॅटायटिस डी यकृताच्या पेशीत शिरतो तो पित्ताचे क्षार आत घेणाऱ्या दारातून. बुलेव्हर्टाइड हे इंजेक्शन ते दार अडवतं, युरोपात २०२० पासून वापरात आहे. रक्तात पित्ताचे क्षार वाढतात खरे, पण बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. असा पार्ट सापडला पाहिजे.

प्रश्न : कोरोनात हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, आयव्हरमेक्टिन यांचा केवढा गाजावाजा झाला, मी स्वतः रांगेत उभा राहून घेतलं. ते पण याच प्रकारातलं होतं का? आणि मग चाललं का नाही? (निवृत्त, जुळे सोलापूर)

काका, तुम्ही एकटे नाही, आमच्या घरी पण दोन पाकिटं होती. मायक्रोबायोलॉजी शिकवणारी बाई घरात असून होती, यावरून काय ते समजा.

हो, दोन्ही याच वळणाची. क्लोरोक्विनच्या भावकीतलं हे औषध व्हायरसला हात लावत नाही, ते आपल्या पेशीतल्या ज्या आम्लाच्या पिशवीतून व्हायरस आत उतरतो तिथली आंबटाई कमी करतं. आयव्हरमेक्टिनबद्दल दावा असा होता की आपल्या पेशीतलं मालवाहू प्रोटीन, इंपॉर्टिन, ते अडवतं. लॅबमध्ये दोन्ही जोरात चालली. आयव्हरमेक्टिननं ४८ तासांत व्हायरस ५,००० पटींनी कमी केला असं ऑस्ट्रेलियातून छापून आलं आणि जगभर दुकानं रिकामी झाली. फक्त त्या काचेच्या बशीत जेवढं औषध ओतलं होतं तेवढं माणसाच्या रक्तात यायला नेहमीच्या डोसाच्या कितीतरी पट गोळ्या खाव्या लागल्या असत्या, हे तळटिपेत राहिलं.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गंमत अजून वेगळी आहे. सुरुवातीचे प्रयोग झाले ते माकडाच्या किडनीच्या पेशींवर, कारण त्या लॅबमध्ये वाढवायला सोप्या. त्या पेशीत व्हायरसला त्या आंबट पिशवीतूनच यावं लागतं. आपल्या फुप्फुसाच्या पेशीवर मात्र अजून एक दार आहे, टीएमपीआरएसएस२ नावाचं एन्झाइम व्हायरसच्या काट्याला छाटून थेट बाहेरूनच आत घेतं. म्हणजे आपण मागच्या दाराला कुलूप लावून बसलो आणि पाहुणा पुढून चहा पिऊन गेला. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या मोठ्या चाचणीत ज्यांना हे औषध दिलं त्यांच्यातले २७ टक्के दगावले, ज्यांना नाही दिलं त्यांच्यातले २५. जून २०२० मध्येच त्यांनी ते थांबवलं. आयव्हरमेक्टिनच्या पुढच्या मोठ्या चाचण्यांतही हाती काही लागलं नाही.

मग पुढच्या दाराला कुलूप लावू असं तुम्ही म्हणाल. लावून बघितलं. कॅमोस्टॅट नावाची जपानी गोळी आहे, स्वादुपिंडाच्या आजारावरची, ती टीएमपीआरएसएस२ अडवते, पेशीत छान चालली, डेन्मार्कमध्ये पेशंटना दिली तर फरक पडला नाही. आणि पुढं ओमिक्रॉन आला तो त्या दारावर फारसा विसंबून नव्हताच, तो पिशवीच्या वाटेनं यायला लागला. "माणसाचं प्रोटीन आहे, व्हायरस काय करणार" हे वाक्य मेसेजमध्ये फार ठासून लिहितात, पण व्हायरस दार बदलू शकतो. एचआयव्हीचंही तेच, काही पेशंटमध्ये तो सीसीआर५ सोडून सीएक्ससीआर४ ही दुसरी कडी धरतो, म्हणून मॅराव्हिरॉक सुरू करण्याआधी तुमचा व्हायरस कुठली कडी वापरतोय हे तपासून घ्यावं लागतं. पळवाट काढायला त्याला जड जातं, उशीर लागतो, हे खरं. अशक्य नाही.

आणि एक, "जुनं औषध कोरोनावर चाललं" अशा बातम्या त्या काळात रोज यायच्या आठवतंय? २०२१ मध्ये काही संशोधकांनी अशा बऱ्याच औषधांची उलटतपासणी केली तर दिसलं की त्यांतली कितीतरी पेशीत नुसती चरबीसारखी घाण साठवत होती, पेशी त्या त्रासानंच मंदावायची आणि व्हायरस कमी दिसायचा. नेम धरलेल्या प्रोटीनचा त्यात काही संबंधच नाही. म्हणजे मोटरवर रॉकेल ओतलं, माग बंद पडला, आणि म्हणायचं की चोर पकडला.

प्रश्न : पपईच्या पानाचा रस दिला तर डेंग्यूचा व्हायरस मरतो का? हो की नाही एवढंच सांगा.

मरतो असं सिद्ध झालेलं नाही. प्लेटलेटवर छोट्या चाचण्या झाल्यात, व्हायरस मारायचा तो विषयच वेगळा. कडू रसानं पोरगं उलट्या करत असेल तर अंगातलं पाणी अजून कमी होतंय, ते बघा. आणि ताप उतरवायला आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

प्रश्न : एवढं सगळं ऐकून शेवटी डेंग्यूवर असं औषध कुणी माणसांना देऊन बघितलंय का? का सगळं बशीतच? (अशोक चौकातला मेडिकल दुकानदार)

दिलंय, सिंगापूरला. ऑस्ट्रेलियात एक झाड आहे, चेस्टनटसारख्या बिया येतात त्याला, त्यातल्या एका द्रव्यापासून सेल्गोसिव्हिर बनवलं. वर त्या दोन भावंडांची गोष्ट सांगितली ना, साखर छाटणारं एन्झाइम, हे औषध तेच अडवतं, थोड्या दिवसांपुरतं. ती छाटणी झाली नाही की डेंग्यूच्या प्रोटीनांची घडीच बसत नाही, घडी नाही तर नग तयार होत नाही. उंदरांत झकास चाललं, उंदीर वाचले. मग ५० पेशंट घेतले, ताप येऊन ४८ तास व्हायच्या आतले, पाच दिवस औषध दिलं. २०१४ मध्ये निकाल आला, औषध सुरक्षित होतं, पण व्हायरस म्हणावा तेवढा कमी झाला नाही आणि ताप पण लवकर उतरला नाही.

का, तर त्यात डोसाचा भाग आहेच, पण मला वाटतं खरी अडचण वेळेची. डेंग्यूत ताप चढतो तेव्हाच रक्तात व्हायरस शिगेला असतो, पुढं तो आपोआप उतरायला लागतो, आणि धोका येतो तो ताप उतरताना, चौथ्या-पाचव्या दिवशी, रक्तवाहिन्या झिरपायला लागतात तेव्हा. तुमच्याकडं गिऱ्हाईक कधी येतं सांगा? दोन दिवस घरचं क्रोसिन, तिसऱ्या दिवशी तुम्ही, चौथ्या दिवशी डॉक्टर. चोर माल घेऊन गेल्यावर धोटा काढून ठेवण्यात काय मतलब. म्हणून असं औषध आलं तरी ते पेशंटपेक्षा पेशंटच्या घरातल्या बाकीच्यांना, गल्लीतल्यांना आधीच द्यायला जास्त उपयोगी पडेल असा माझा अंदाज आहे, आणि निरोगी माणसाला द्यायचं औषध म्हटलं की ते किती निर्धोक पाहिजे हे तुम्हाला मी सांगायला नको. व्हायरसच्याच प्रोटीनवरचं एक औषध, मोस्नोडेनव्हिर, डेंग्यू होऊ नये म्हणून द्यायला येत होतं, बरंच पुढं गेलं होतं, कंपनीनं २०२४ मध्ये त्याची चाचणी थांबवली. गरिबांच्या गल्लीतल्या आजारावर पैसा लावायला कोण तयार असतंय.

मी कुणाच्या बाजूनं असं विचाराल तर ओळखीच्या, मोठ्या, चिवट आजाराला व्हायरसवर थेट नेम धरणारं औषधच बरं. हिपॅटायटिस सीचंच बघा. आधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं, बऱ्याच जणांना ४८ आठवडे, ताप, अंगदुखी, माणूस खचून जायचा. माणसाच्याच प्रोटीनवरचं अलिस्पोरिव्हिर येणार येणार म्हणेपर्यंत स्वादुपिंडाला सूज आलेले पेशंट निघाले आणि २०१२ मध्ये त्याला ब्रेक लागला. २०१३ मध्ये सोफोसबुव्हिर आलं, आणि आता बहुतेकांचं काम १२ आठवड्यांच्या गोळ्यांत होतंय. पण उद्या वटवाघळातून नवाच कुणीतरी आला, ज्याची कार्डं कुणी बघितलेलीच नाहीत, तर त्याच्यावर नेमकं औषध बनवायला वर्षं जातात. त्या पहिल्या काही महिन्यांसाठी कपाटात मागावरचं एखादं औषध तयार असावं, त्यासाठी हे संशोधन चालू राहायला पाहिजे, दहातली नऊ फसली तरी.

प्रश्न : आम्ही कुंभारीला राहतो, बिड्या वळते. पाणी रोज येत नाही, बॅरल भरून ठेवावंच लागतंय. औषध येईल तेव्हा येईल, आता काय करू?

ताई, बॅरल रिकामं करा असं मी म्हणणार नाही, पाणी काय आभाळातून आणणार. जुनी चादर किंवा साडी घट्ट ताणून तोंडाला बांधा, डास आत जाता कामा नये, नुसतं झाकण ठेवलं तर फटीतून जातो. आणि बॅरल रिकामं झालं की आतली कड काथ्यानं घासा, नुसतं विसळू नका. या डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या वर, ओलसर भिंतीला, ती सुकून महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. घरातला कुणी तापानं पडलाच तर ताप उतरल्यावर पोट जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यातून रक्त आलं किंवा हातपाय गार पडले तर वाट बघू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा.

कुंड्या, टायर, करवंट्या हे सगळे सांगतात. माझ्या घरी दोन वर्षांमागं अळ्या सापडल्या त्या फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये.